भरलेली गाडी, रिकामी गाडी

साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपला, की काट्यावर सामसूम आणि संगणक खोलीत लगबग. यंदा सर्व्हरची डिस्क काठोकाठ आली होती. 1000 जीबीपैकी 910 भरलेली. काट्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा फोटो पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्येच साठत होता, आणि अकरा हंगामांचे फोटो म्हणजे काही थोडे नव्हेत.

संगणक विभागातल्या मुलानं आठ जुन्या हंगामांचे फोटो वेगळ्या डिस्कवर नेले, उघडून तपासले, मग मूळ टेबलातून डिलीट केले. बैठकीत म्हणाला, "साहेब, 300 जीबी वाचले." कार्यकारी संचालकांनी खूश होऊन नव्या डिस्कचा खरेदी प्रस्ताव बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी डिस्क भरल्याचा इशारा पुन्हा आला. वापर 911! एक जीबी वाढलेलाच, कारण डिलीटची नोंदही कुठेतरी लिहावी लागते.

मुलगा तोंड पाडून काट्याच्या केबिनमध्ये बसला. तिथले तात्या निवृत्तीला आलेले. संगणकाशी त्यांचं नातं पावती छापण्यापुरतं.

"300 कुठून काढलेस?"

"फोटो किती उडवले ते मोजलं, सरासरी आकारानं गुणलं."

"सरासरी कुठल्या फोटोंची?"

मुलगा गप्प. सरासरी गेल्या हंगामाची होती. जुन्या कॅमेऱ्याचे फोटो त्याहून बरेच लहान.

"अरे, आम्ही ऊस तोलतच नाही," तात्या म्हणाले. "भरलेली गाडी तोलतो, गव्हाणीवर खाली झाली की रिकामी तोलतो. मधला फरक तो ऊस. तू मोळ्या मोजत बसलास."

"पण तात्या, इथं दोन्ही वजनं सारखीच येतायत."

"मग माल कुठंय?"

प्रश्न अडाण्याचा वाटेल, पण नेमका तोच विचारायला हवा होता. पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेली ओळ लगेच नाहीशी होत नाही. दुसरं कुणी ती त्याच क्षणी वाचत असेल म्हणून ती फक्त मृत ठरते. पुढे व्हॅक्यूम हा सफाईचा आदेश फिरला की ती जागा त्याच टेबलाला पुन्हा वापरता येते, पण फाइल बहुधा तेवढीच राहते. ती खरोखर आखडायची तर व्हॅक्यूम फुल. तो टेबलाची नवी प्रत लिहितो, तोवर टेबलाला कुलूप असतं, आणि प्रतीपुरती मोकळी जागा आधी हाताशी लागते.

मुलानं आता नीट मोजलं. मोठे फोटो पोस्टग्रेस मुख्य टेबलाबाहेर, टोस्ट नावाच्या जोडटेबलात ठेवतो. ते आणि इंडेक्स धरून फोटोंचं टेबल एकूण 380 जीबी. त्यात जिवंत फोटो 130, मोकळे 250. डिस्कवर शिल्लक जेमतेम 89, म्हणजे 130 ची नवी प्रत मावणारच नव्हती. पावत्यांचं टेबल मात्र 14 जीबीचं, मृत ओळी त्यातही होत्या. त्याचं वजन आधी टिपून घेतलं, हंगाम बंद असल्यानं कुलपाची अडचण नव्हती, व्हॅक्यूम फुल चालवला आणि पुन्हा तोललं. 5.

अहवाल साहेबांपुढे गेला.

"बैठकीत तीनशे, कागदावर नऊ?"

"नऊ डिस्कवर दिसतील, साहेब. अडीचशे टेबलाच्या पोटात आहेत, बाहेरून दिसणार नाहीत. आत्ताच्या वेगानं पुढच्या पाच हंगामांचे फोटो त्यात मावावेत. दुसऱ्या कुठल्या टेबलाला मात्र ती जागा मिळणार नाही."

"आणि तीनशे?"

"तो अंदाज होता."

साहेबांनी नऊखाली रेघ ओढली, समासात लिहिलं, 'गळीत सुरू झाल्यावर दरमहा दोन्ही आकडे सादर करावेत', आणि सही केली.

डिसेंबरअखेर हजारो गाड्या काट्यावरून गेल्या. फोटोंच्या टेबलाचा आकडा 380 वरच होता. पावत्यांचं टेबल 5 वरून 6 वर गेलं होतं. मुलानं तेही लिहिलं.