उंटाची एकच सही

धर्मशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. मी बी. कॉम., तोही दुसऱ्या वर्गातला, आणि गेली बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांच्या सह्या जुळतात की नाही एवढेच पाहत आलो आहे. अशा माणसाने मोशेच्या नियमशास्त्रावर लिहू नये, असे सौ.ने मला दोनदा बजावले. पण काय करणार? सगळा घोटाळा कोळंबीने केला.

त्याचे असे झाले. एका रविवारी मासळीबाजारात आमच्याच शाखेतून निवृत्त झालेले एक काका भेटले. काका बेने इस्राएल. म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले जे ज्यू तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत म्हणून गाववाले ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत, त्यांच्यापैकी. मराठी माझ्याहून बरे. मी मोठ्या अगत्याने म्हटले, "काका, कोळंबी ताजी आहे. घ्या की वाटा."

"नाही रे बाबा. तिला पंख नाहीत, खवले नाहीत. आम्हाला चालत नाही."

कोळीण म्हणाली, "काका, पंख पायजेत तर कोंबडी घ्या!"

काका हसले आणि पापलेट घेऊन निघाले. वाटेत त्यांनी त्यांच्या समाजात परंपरेने चालत आलेली एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी दावीद राहाबी नावाचा एक ज्यू पाहुणा कोकणात आला. ही मंडळी खरोखर आपली का, हे पाहायला त्याने बायकांपुढे मासे ठेवले. त्यांनी पंख-खवल्यांचे मासे घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. झाले! ओळख पटली. ना फोटो, ना रेशनकार्ड. केवायसीच्या नावाने आम्ही लोकांकडून जे कागद गोळा करतो, ते आठवून मला स्वतःचीच लाज वाटली.

त्याच आठवड्यात काकांनी मला पुस्तक वाचायला दिले. 'लेवीय', अध्याय अकरावा. उघडले मात्र, आणि मला एकदम ओळखीचा वास आला. हे तर परिपत्रक! अटी, अपवाद, यादी, मुदत, सगळे जागच्या जागी. जनावर खायचे तर त्याचा खूर दुभंगलेला हवा आणि ते रवंथही करणारे हवे. म्हणजे संयुक्त खाते. दोन्ही सह्या असल्याशिवाय चेक वटायचा नाही. गाय, शेळी, मेंढी पास. उंट रवंथ करतो, पण त्याचा खूर नियमात बसत नाही. एकच सही, परत पाठवा. डुकराची दुसरी सही आहे, पहिली नाही, परत. सशालाही रवंथ करणाऱ्यांत धरून खुरावर नापास केले आहे. ससा गायीसारखे रवंथ करत नाही असे प्राणिशास्त्रवाले म्हणतात, पण परिपत्रकात एकदा आले की आले. किड्यांना बंदी, मात्र टोळांच्या चार जातींना परवानगी. असे एक कलम प्रत्येक परिपत्रकात असतेच.

हे सगळे कशासाठी, याचा विचार मोठमोठ्यांनी केला आहे. बाराव्या शतकातला मायमोनिदीस पडला वैद्य, त्याने आरोग्याचे कारण दिले. मेरी डग्लस या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली म्हटले की जे प्राणी कुठल्याच वर्गात नीट बसत नाहीत, ते वर्ज्य ठरले. पुढे त्यांनी स्वतःच हे मत बदलले, पण मला ते फार आवडले. ज्या रकमेचे खाते सापडत नाही, ती आम्हीही सस्पेन्स अकाउंटला टाकतो. त्यात रकमेचा काही अपराध नसतो!

इथपर्यंत मजेत वाचत होतो. पुढे भांड्यांचे नियम आले. मेलेला उंदीर किंवा पाल मातीच्या भांड्यात पडली तर भांडे फोडा. लाकडाचे किंवा कापडाचे असेल तर पाण्यात घाला. पेरायचे बी कोरडे असेल तर शुद्ध, त्यावर पाणी पडलेले असेल तर अशुद्ध. इथे मला आमची आजीच दिसायला लागली. तिच्या सोवळ्यातही कोरडा शिधा कुणाच्याही हातचा चाले. पाण्याचा थेंब लागला की मामला बिघडला.

पण एक शब्द आजीच्या शास्त्रात नव्हता. 'संध्याकाळपर्यंत'.

जनावराचे शव उचलले? कपडे धुवा, संध्याकाळपर्यंत अशुद्ध. माणसाच्या प्रेताला शिवलात तर सात दिवस. आणि गंमत अशी की ही अशुद्धता म्हणजे पाप नव्हे. बापाला मूठमाती देणे हे तर कर्तव्य. बाळंत होणे हा काही गुन्हा नव्हे. तरी अशुद्धता येते, काही काळ पवित्र वस्तूंपासून दूर राहावे लागते, आणि मग ती जाते. त्यांचा दिवस सूर्यास्ताला संपतो. म्हणजे संध्याकाळ हा त्यांचा डे-एण्ड. नवी तारीख, नवे पान.

ते शास्त्र सगळेच गोड होते असे मी म्हणणार नाही. मुलगा झाला तर आईला चाळीस दिवस, मुलगी झाली तर ऐंशी. हा दुप्पट दर कशाचा, ते मला कळलेले नाही. त्वचारोग्याला रोग असेतो छावणीबाहेर एकटे राहावे लागे. पण तो बरा झाला की याजकाने स्वतः छावणीबाहेर जाऊन त्याला तपासायचे, असाही नियम आहे. साहेबाने काउंटर ओलांडून गिऱ्हाइकाकडे जायचे! आणि कोकरू परवडत नसेल तर गरिबाने पक्ष्यांवर भागवावे, अशी सवलतही आहे.

सगळ्यात विलक्षण प्रकार 'गणना' या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात आहे. प्रेताची अशुद्धता घालवायला तांबड्या गायीची राख पाण्यात कालवून शिंपडायची. ते पाणी दुसऱ्याला शुद्ध करते, आणि शिंपडणारा स्वतः संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतो! हे कोडे शलमोन राजालाही सुटले नाही, असे ज्यू परंपरा म्हणते. कॅशियरला मात्र सुटेल. दिवसभर मळक्या नोटा मोजणाऱ्याचे हात मळतातच. म्हणून संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला कुणी ओसरीवर जेवायला वाढत नाही. त्याच्या मुलाला तर मुळीच नाही.

आता जे सांगायचे टाळत होतो ते सांगतो.

आजी शेवटचे आठ महिने अंथरुणावर होती. एक मावशी रोज येऊन तिचे सारे काढीत, अंग पुसत, चादरी धूत. आम्ही घरचे लोक तेवढा वेळ नाकाला रुमाल लावून अंगणात. काम झाले की मावशींना चहा. तो एका कान तुटलेल्या कपात, आणि तो कप मोरीबाहेरच्या कोनाड्यात. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. चहा ओतायला मला पाठवीत. मी वरून, अंतर ठेवून ओती. कुणी मला तसे शिकवले नव्हते. मावशी चहा पीत, कप स्वतः विसळून पालथा घालीत आणि म्हणत, "जाते बाळ."

आमच्या घराला त्यांनी शुद्ध ठेवले, आणि अशुद्ध त्या. इथपर्यंत त्या राखेच्या पाण्याचाच नियम. पण मावशींना संध्याकाळ कधी झालीच नाही. त्यांच्या आईलाही झाली नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स'मध्ये नेमके हेच दाखवून ठेवले आहे: इतरांकडची अशुद्धता तात्पुरती, आपल्याकडची पिढीजात. मी ते फार उशिरा वाचले. लेवीयात तर असेही आहे की झऱ्यात किंवा पाण्याच्या टाक्यात जनावराचे शव पडले तरी ते पाणी शुद्धच. आणि काकांच्याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली म्हणून ते शेण-गोमूत्र ओतून 'शुद्ध' करावे लागले!

पुस्तक परत करताना मी काकांना कपाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कप कसला होता?"

"चिनी मातीचा."

"मातीचाच म्हणजे," काका म्हणाले, आणि विषय बदलला.

तो कप पुढे कुठे गेला, आठवत नाही. सापडला असता तर फोडला असता. मातीच्या भांड्यात काही अशुद्ध पडले तर ते धुऊन भागत नाही, असा नियमच आहे. आणि त्या कपात जे पडत होते, ते वरून पडत होते.