आकाराची निवड आणि संमती

काही विषय सभ्य मासिकांच्या पानांवर सहसा येत नाहीत, आणि न आल्यामुळे त्यांतील नीतीचा प्रश्न जाहिरातदारांच्या हवाली होतो. शस्त्रक्रियेने स्तन वाढवून घेणे हा त्यांपैकीच एक विषय होय. ज्यांच्या देवालयांच्या भिंतींवर सुरसुंदरी कोरलेल्या आहेत, त्या समाजाने या शब्दापाशी अडखळावे याचे आम्हांस थोडे नवल वाटते. अशी शस्त्रक्रिया करवून घेणारी स्त्री रूपगर्विता आहे, असा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण तो खटला आम्ही चालवणार नाही. कर्करोगात स्तन गमावलेल्या स्त्रीपुढेही आकाराची हीच निवड येते; तिला गर्विष्ठ म्हणण्याचे धैर्य कोणास होईल? आमचा प्रश्न निराळा आहे. रोपणाचा आकार तिने निवडला, असे केव्हा म्हणता येईल?

या शस्त्रक्रियेचा आरंभच विचार करण्याजोगा आहे. इ.स. १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन व जेरो या शल्यवैद्यांनी सिलिकोनचे पहिले स्तनरोपण केले. ती स्त्री रुग्णालयात गेली होती छातीवरील गोंदण काढून घेण्यासाठी. नव्या रोपणाची गोष्ट डॉक्टरांनी काढली. तिला चिंता होती ती आपल्या पुढे आलेल्या कानांची. तेही नीट करून मिळतील म्हटल्यावर ती कबूल झाली. संमती होती, यात शंका नाही. निवड कोणाची होती, हे वाचकांनीच ठरवावे.

ते पहिले रोपण थेंबाच्या आकाराचे होते: वर निमुळते, खाली भरीव. आजही मुख्य आकार दोनच, थेंबाचा आणि वाटोळा. थेंबाकार 'नैसर्गिक' दिसतो, असे सांगितले जाते. परंतु या आकाराला एक अडचण आहे. वाटोळे रोपण आत फिरले तरी बाहेरून काही कळत नाही; थेंब फिरला तर स्तनच वेडावाकडा दिसू लागतो. म्हणून थेंबाकार रोपणाचे कवच बहुधा खरखरीत करतात, म्हणजे भोवतालची ऊती त्या खाचांत रुजून त्यास जागच्या जागी धरून ठेवते. वाटोळे रोपण गुळगुळीत असले तरी चालते. थेंबाचा आकार निवडणारी स्त्री त्याच्याबरोबर पृष्ठभागही निवडत असते, मग तो शब्द तिच्या कानावर पडलेला असो वा नसो.

आणि धोका त्या पृष्ठभागाशीच निगडित निघाला. खरखरीत रोपणांभोवतीच्या व्रणऊतीत लसिकापेशींचा एक विरळा कर्करोग उद्भवतो असे दिसून आले. एप्रिल २०१९ मध्ये फ्रान्सने अधिक खरखरीत रोपणांवर बंदी घातली. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जगभरातील ५७३ रुग्ण व ३३ मृत्यू नोंदवले, आणि त्याच्या सांगण्यावरून ॲलर्गन कंपनीने आपली त्या जातीची रोपणे बाजारातून परत घेतली.

रोपण झालेल्या स्त्रियांच्या संख्येशी ताडून पाहता हे आकडे लहान आहेत, हे शल्यवैद्यांचे म्हणणे खरे. यापुढे ते कायद्याचाही आधार घेतील. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निर्णयात खऱ्या संमतीसाठी पुरेशी माहिती आवश्यक ठरवली. पण दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगण्याची सक्ती केली नाही. ही सवलत का, हे मात्र नीट वाचले पाहिजे. भेदरून जाऊन रुग्णाने आवश्यक उपचार नाकारू नयेत, म्हणून. सारा भार 'आवश्यक' या शब्दावर आहे. पोटात आतडे पिळून पडलेल्या माणसास लाखात एकास होणारी आपत्ती सांगत बसणे हा निर्दयपणा होईल. निरोगी शरीरावर स्वेच्छेने शस्त्र चालवून घेणाऱ्या स्त्रीने भिऊन नकार दिला, तर तिचे कोणते आरोग्य बुडते? तिच्यापुरते त्या सवलतीचे मूळच उरत नाही, असे आमचे मत आहे. शिवाय येथे दोन वस्तूंत निवड आहे. दोहोंत बाकी फारसा भेद नसेल तेव्हा तो लहानसा धोकाच पारडे झुकवील; तो झाकून ठेवणारा तिच्या वतीने निवड करून मोकळा झालेला असतो.

अमेरिकेने ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्येक स्त्रीबरोबर धोक्यांची यादी कलमवार वाचून तीवर तिची सही घेणे विक्रीची अट केली आहे. आमच्याकडील संमतिपत्रांत बहुधा शस्त्रक्रियेचे नाव व खाली सहीची जागा एवढेच असते. त्यात आकार, पृष्ठभाग, उत्पादकाचे नाव व रोपणाचा क्रमांक यांचे रकाने घालण्यास कायदा बदलावा लागत नाही. रोपणे जन्मभर टिकत नाहीत, पुढे काढावी वा बदलावी लागू शकतात, हेही त्याच कागदावर तिला कळणाऱ्या भाषेत लिहावे. आणि तो कागद तिने घरी नेऊन, आरशापुढे नव्हे तर दिव्याखाली बसून, चार दिवस वाचल्यावरच सही घ्यावी.