दाराबरोबर जाणारं नाव

घराच्या नकाशात सगळ्यात जास्त वेळा बसणाऱ्या वस्तूंमध्ये दार येतं. भिंतींची मांडणी घराघरात बदलते, दार मात्र तेच: दोन बाजूंना चौकट, एक कवाड आणि ते कुठवर उघडेल हे सांगणारा पाव वर्तुळाचा कंस. म्हणून ऑटोकॅडवर काम करणारा ड्राफ्ट्समन दार एकदाच काढतो, त्याचा ब्लॉक करून ठेवतो आणि वर्षानुवर्षं तोच बसवत जातो. कमोड, बेसिन, ओट्यावरचं सिंक, पलंग, खिडकी यांचंही तेच. यवतमाळच्या दारव्हा रोडवरचा बंगला, पुसदचं रो-हाऊस आणि वणीतला दुकानाचा गाळा, तिन्ही ठिकाणची दारं एकाच फाइलमधून आलेली असू शकतात. आजचा विचार त्या दाराशेजारी लिहिलेल्या एका अक्षराचा आणि एका अंकाचा आहे: डी-१.

हे लेबल लावायच्या दोन रीती आहेत. घाईची रीत म्हणजे ब्लॉक बसवायचा आणि शेजारी सुटं टेक्स्ट टाकायचं. प्रिंट चांगली दिसते. मग घरमालक येतो आणि म्हणतो, ‘‘पलंग बसत नाही भाऊ, दार दीड फूट इकडं घ्या.’’ दार सरकतं, डी-१ मात्र कोऱ्या भिंतीपाशी तसंच उभं राहतं. दुसरी रीत ॲट्रिब्यूटची. ब्लॉक बनवतानाच त्यात क्रमांक, रुंदी, उंची, लाकूड यांच्या जागा राखून ठेवायच्या. दार बसवताना संगणक त्या जागा भरायला लावतो. पुढं दार हललं की लेबल हलतं, नक्कल केली की नकलेसोबत जातं, आणि दार-खिडक्यांचा तक्ता करायची वेळ आली की एकेका दारातली माहिती उचलून संगणकच तक्ता भरून देतो.

मूळ आकृती एक आणि तिच्या प्रती अनेक, ही कल्पना ऑटोकॅडपेक्षा जुनी आहे. ऑटोकॅड बाजारात आलं १९८२ च्या डिसेंबरात. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्येच एमआयटीत ‘स्केचपॅड’ करून दाखवलं होतं. त्यात मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलत. ॲट्रिब्यूटमुळं प्रत्येक प्रतीला स्वतःचं काही सांगायची सोय झाली. जे सगळ्या दारांचं सारखं ते ब्लॉकमध्ये राहिलं, जे एकेका दाराचं ते लेबलात आलं. सारखेपणा कुठं संपतो आणि या एका दाराचं वेगळेपण कुठं सुरू होतं, हे मात्र ड्राफ्ट्समनला ठरवावं लागतं. मला हे काम फार जबाबदारीचं वाटतं, कारण तो जे सांगायचं सोडून देईल ते पुढं कुणाला दिसणारच नाही.

जुळ्या घरांचं उदाहरण घ्या. समाईक भिंतीच्या दोन अंगांना दोन घरं, एक दुसऱ्याचं प्रतिबिंब. एका घराचा नकाशा पुरा करायचा आणि मिरर मारायचा. समजा अशा सहा जोड्या आहेत, घरं बारा, प्रत्येक घरात सहा दारं. एकूण दारं झाली ७२. मिरर मारल्यामुळं त्यातली बरोबर ३६ एका हाताची आणि ३६ दुसऱ्या हाताची झाली: बिजागऱ्या इकडच्या तिकडं, कडी तिकडची इकडं. आता लेबलाकडं पाहा. डी-१ हे ब्लॉकच्या आत साधं टेक्स्ट म्हणून लिहिलं असेल, तर मिररनंतर अक्षरंही उलटी होतात आणि निदान चूक डोळ्यांत खुपते. ॲट्रिब्यूट असेल, तर आजकालच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये अक्षरं सुलटीच राहतात. दार फिरलं, त्याचं नाव नीटनेटकं जागेवर, आणि त्या नावात हाताचा उल्लेखच नाही. वाचायला काहीच अडत नाही, म्हणून कुणी थांबतही नाही.

सुताराच्या हातात बहुतेकदा तक्ता जातो, प्लॅनमधला कंस तो कशाला मोजत बसेल? तक्त्यात बाजूचा रकाना नसेल तर एक तर तो फोन करून विचारतो, ‘‘साहेब, हे डावं की उजवं?’’ किंवा विचारत नाही आणि सगळ्या चौकटींना एकाच बाजूनं बिजागऱ्यांची खाच पाडून ठेवतो. सागवानाच्या चौकटीत पडलेली खाच परत भरून निघत नाही. ठिगळ मारता येतं, ते दिसत राहतं. म्हणून दाराच्या ब्लॉकमध्ये रुंदी-उंचीइतकीच ‘बाजू’ ही जागा हवी, आणि मिरर मारला की ती हातानं बदलायची सवय हवी. हे काम संगणक स्वतःहून करणार नाही.

लेबल सुतार वाचतो. ब्लॉकचं आतलं नाव मात्र उद्या ती फाइल उघडणारा दुसरा ड्राफ्ट्समन वाचतो, आणि त्याच्याशी आपण अनेकदा फार निष्ठुर वागतो. घाईत ‘पेस्ट ॲज ब्लॉक’ केलं की ऑटोकॅड स्वतःच नाव देतं: ए, डॉलरची खूण, सी आणि पुढं अर्थ नसलेल्या अक्षर-आकड्यांची माळ. अशा नावांनी यादी भरलेली असली की कोणतं दार आणि कोणतं बेसिन हे एकेक उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. ब्लॉकचं नाव नुसतं ‘डी-१’ ठेवणं त्याहून धोक्याचं. एका ऑफिसात डी-१ म्हणजे तीन फुटी दार, दुसऱ्यात साडेतीन फुटी. एकाचा नकाशा दुसऱ्याच्या फाइलमध्ये आणला, की एका नावाच्या दोन ब्लॉकपैकी फाइलमध्ये आधीपासून असलेला टिकतो आणि नवा सोडून दिला जातो. सूचना येते ती खालच्या कमांडच्या पट्टीत, एका ओळीची. साडेतीन फुटी मुख्य दार नकाशात तीन फुटी होतं. अशा वेळी रुंदीची ॲट्रिब्यूट भरलेली असेल तर तिच्यात साडेतीनच राहतात, कारण ती किंमत त्या एका दाराची असते, ब्लॉकची नसते. चित्र बदललं तरी लेबल खरं बोलत राहतं. म्हणून ब्लॉकच्या नावात प्रकार आणि माप दोन्ही असावं, मग ते नाव कितीही लांब होवो.

एक्स्प्लोडचंही सांगायला हवं. ॲट्रिब्यूट असलेला ब्लॉक फोडला की भरलेली किंमत जाते आणि तिच्या जागी रकान्याचं कोरं नाव उरतं. साडेतीन फूट गेले, ‘रुंदी’ उरली. फोडायचाच असेल तर बर्स्ट वापरावं, त्यात किंमत साध्या टेक्स्टच्या रूपात टिकते.

नावांची शिस्त सक्तीनं कशी येते, हे परवानगीच्या नकाशात दिसतं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. ऑनलाइन परवानगीसाठी नकाशा दिला की आधी संगणक तो नियमांप्रमाणे तपासतो, आणि भूखंडाची हद्द कोणती, बाल्कनी कोणती, हे त्याला लेअरच्या, म्हणजे नकाशातल्या थरांच्या, ठरलेल्या नावांवरून कळतं. नाव चुकलं की नकाशा परत येतो, त्यामुळं लेअरच्या नावांची शिस्त आता बरीच आली आहे. दार डावं की उजवं यासाठी असा कुणी नकाशा परत पाठवत नाही.

सारखं काय आणि एकेकाचं वेगळं काय, हाच विचार कधी कधी अख्ख्या घरालाच लावावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांत कोलामांची पोडं, म्हणजे वस्त्या, आहेत. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांना लागू असलेली पीएम-जनमन योजना १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तिच्यात पक्क्या घरांची तरतूद आहे. ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसह. इतक्या लहान घराचा नमुना नकाशा एकदा केला की तो पोडापोडावर बसवता येतो. इथं घर हाच ब्लॉक झाला. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जाणाऱ्या या जिल्ह्यात नमुन्यातलं दार पश्चिमेला आलं तर दुपारभर ऊन घरात असतं. पोडावरची वाट कुठून येते, उतार कोणत्या बाजूला आहे, चूल आत हवी की छपरीत, शेळ्या कुठं बांधणार, ही त्या एकेका घराची माहिती आहे. नमुना नकाशात तिच्यासाठी जागा राखलेली नसेल तर ती भरायचं कुणाला सुचणारही नाही. बांधून झाल्यावर भिंतीवर योजनेचं आणि घरमालकाचं नाव रंगवतात. मला वाटतं, तो माणूस नकाशातही यावा, पहिल्या रेषेपासून: दार कोणत्या दिशेला हवं हे त्याला विचारून भरलेला एक रकाना, आणि शेजारी विचारणाऱ्याचं नाव व तारीख.

आयटीआयमध्ये आरेखकाचा कोर्स करणाऱ्या मुलामुलींना ब्लॉकची कमांड शिकायला एक तास पुरतो. त्यांनी स्वतः केलेल्या दारांचा तक्ता घेऊन एखाद्या सुताराकडं जावं, प्लॅन न दाखवता फक्त तक्ता द्यावा आणि तो काय काय विचारतो ते लिहून आणावं. त्याचा प्रत्येक प्रश्न म्हणजे ब्लॉकमध्ये राहून गेलेला एक रकाना. तो परत येऊन त्याच दिवशी घालून टाकावा.