भीक, वर्गणी आणि आक्काची किडनी

आजारी माणसासाठी पैसा मागणं म्हंजे भीक का? प्रश्न साधा आहे, पण आपल्या तोंडून साधा निघत नाही. येसकराच्या पाळीला दारोदार भाकरी मागणाऱ्यांची आपल्यातली कितीतरी नातवंडं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. वतनं गेली 1958 च्या कायद्यानं. मधली तीस वर्षं बापजाद्यांनी भाकरी नाकारायला शिकण्यात काढली.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. धुण्याभांड्याची चारही घरं सुटली. तिचं पोरगं म्हणालं, "मामा, मी चॅलेंज घेतो. चैत्यभूमी ते दीक्षाभूमी चालत जातो. रोज मोबाईलवर टाकतो, लोक पैसे पाठवतील." आठशे किलोमीटरच्या वरची वाट. त्याचा दोस्त म्हणाला, पायाला फोड आले की फोटो टाक, त्याला जास्त पडतात. आणि आक्काचा नळ्या लावलेला फोटो पायजेच.

मला पोतराज आठवला. आसूड स्वतःच्याच अंगावर ओढायचा, आवाज झाला की नाणी पडायची. बघणाऱ्याला वेदना दिसल्याशिवाय त्याचा हात खिशात जात नाही. फोड आलेल्या पायात आणि आसुडात फरक काय? आणि ज्याचं दुःख फोटोत नीट दिसत नाही त्यानं काय करावं? शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दिवसभर शिव्या देतो. त्याला कोण पाठवणार? दया चेहरा बघून निवड करते.

हक्क चेहरा बघत नाही. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, ही योजना मुंबई हायकोर्टानं 2006 साली कायम केली. बिलांच्या दोन टक्के रक्कम गरिबांच्या निधीत टाकायची. आम्ही गेलो तर काउंटरवरचा मान वर न करता म्हणाला, "गरिबांच्या खाटा फुल्ल." सरकारी योजनेला 2017 पासून महात्मा फुल्यांचं नाव आहे. भिंतीवर फुले, मशीन मात्र रिकामं नाही.

पण नुसत्या तत्त्वावर रक्त शुद्ध होत नाही. रिक्षा, औषधं, बुडालेली मजुरी, हे कुठल्या कलमात बसवणार? वस्तीत डबा फिरवला. भाजी विकणाऱ्या एका बाईनं वीस रुपये टाकले आणि हात पुढं केला, "पावती दे." मला तिथं उत्तर सापडलं. भीक घालणारा पावती मागत नाही. वर्गणीदार मागतो, विहारात हिशेब वाचताना मधेच उठून विचारतो, आणि उद्या त्याच्या घरी आजार आला तर डबा त्याच्यासाठी फिरतो.

म्हणून भाच्याला म्हणालो, चाल. पण फोडांचे फोटो नकोत. गळ्यात पाटी, तिच्यावर दहा टक्क्यांचा नियम. जमलेल्या पैशाचा हिशेब रोज टाकायचा. तो म्हणाला, "मामा, असं केलं तर पैसे कमी येतील." येतील कमी. त्यातून जे कमी पडेल ते आपणच भरायचं, हेही त्याला सांगितलं.

फोटो आक्काचा, म्हणून आक्काला विचारलं. ती म्हणाली, "टाका. पण नवं लुगडं नेसून. आन् खाली लिवा, चार घरची भांडी घासली, कुणाचं फुकट खाल्लं न्हाई."

मी म्हणालो, "आक्का, ज्यानं भांडी घासली नाहीत त्यालाबी किडनी असतीच की."

"त्याचं तू लिव," आक्का म्हणाली.