सारख्या जाडीची रेघ

बोरूचे टोक तिरपे कापलेले. एका दिशेला ओढला की रेघ भरते, दुसऱ्या दिशेला निमुळती होते. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेथले शिशाचे खिळेही याच वळणाचे. बोरू गेला, पण त्याची चाल छापखान्यात राहिली.

हल्ली मात्र पाट्यांवर नि पत्रिकांवर निराळेच अक्षर दिसते. कंपासाने वर्तुळ आखावे, पट्टीने दांडा ओढावा, तसे. या घराण्यातला थोरला म्हणजे जर्मनीतल्या पाउल रेनर यांचा १९२७ चा ‘फ्युचुरा’. आपल्याकडे इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली ‘पॉपिन्स’ काढला. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची. सुतासारख्या बारीक अक्षरापासून गलेलठ्ठापर्यंत नऊ जाड्या, आणि कोणालाही फुकट. त्यात रोमन लिपीची मोठी अक्षरे देवनागरीहून ठेंगणी ठेवली आहेत, याचा मला उगीचच आनंद झाला.

या अक्षराने घातलेले कोडे शाळामास्तराला साजेसे आहे. त्याची रेघ सर्वत्र सारखी दिसते, पण ती सारखी नसते! दोन रेघा मिळतात तिथे काळेपणा साचतो, म्हणून तिथे रेघ हळूच बारीक करतात. आडवी रेघ उभीइतकीच ठेवली तर जाड भासते. गोल अक्षर चौकोनीइतकेच उंच केले तर बुटके वाटते. समता दिसायची तर मापात विषमता करावी लागते.

मग वर्गात तरी काय वेगळे? आमच्या बिलोली तालुक्याला तेलंगणाची सीमा लागून आहे. एकाच बाकावर घरी तेलुगू बोलणारा, उर्दू बोलणारा आणि मराठी बोलणारा. तिघांना एकच धडा, एकच वेळ. याला आपण न्याय म्हणतो. पट्टीने मोजाल तर तो आहेही. पण झुकते माप कोणाला द्यायचे हे ठरवणारा डोळा कोणाचा? पट्टी निदान कोणाची भीड धरत नाही. मास्तरचा डोळा बड्या घरच्या पोराकडे आधी वळतो, हे कोणत्या गावाला ठाऊक नाही?

अक्षर काढणाऱ्याला एक सोय आहे. त्याचा डोळा चुकला तर वाचणारा अडखळतो, आणि निकाल तिथेच लागतो. विद्यार्थी अडखळला की मात्र आपण त्यालाच ‘ढ’ म्हणतो.

आता तुळशीचे लग्न लागले की पत्रिका येऊ लागतील. त्यातली एखादी अगदी बारीक, केसासारख्या अक्षरातली असेल. फार सोज्वळ दिसते ते. घरातले आजोबा ती खिडकीपाशी नेतील, लांब धरतील, जवळ धरतील, आणि नातवाच्या हाती देऊन म्हणतील, “वाच रे, मुहूर्त कितीचा आहे?”