आधी बॉनेट उघडा

गाडीचा अलार्म रात्री-बेरात्री उगाच वाजू लागला की पहिला संशय माणसावर जातो, वायरवर नंतर. कोणीतरी हात लावला असणार. पोरांनी चेंडू मारला असणार. पहाटे गाड्या पुसायला येतो त्याने काहीतरी केलं असणार. जोगेश्वरी पूर्वेला, द्रुतगती महामार्गापासून हाकेच्या अंतरावरच्या आमच्या सोसायटीत या पावसाळ्यात असाच संशय फिरला. गाडीचं बॉनेट उघडायचं कोणाला सुचेपर्यंत तीन माणसांना बोल लावून झाले होते.

गाडीवाले गृहस्थ वाईट नाहीत. अकराव्या मजल्यावर राहतात, खिडक्या बंद, एसी चालू. त्यांची गाडी खाली उघड्यावर केकाटत असते तेव्हा ते गाढ झोपेत असतात. जागा असतो तो गेटवरचा वॉचमन आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या बैठ्या घरांतली माणसं. त्यांच्या खिडक्या आणि आमचं पार्किंग यांच्यात एका भिंतीचंच अंतर. म्हणजे ज्याच्या हातात रिमोट, त्याच्या कानापर्यंत आवाज जात नाही. ज्यांच्या कानात तो जातो, त्यांच्या हातात रिमोट नाही. मला यातली खरी अडचण हीच वाटते. डेसिबल किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

तरी डेसिबलही सांगून टाकतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ती आणखी खाली, रात्री ४०. गाडीचा सायरन जवळून मोजला तर सहज शंभरच्या पुढे जातो. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायलाही या नियमांत मनाई आहे, फक्त सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद. आमच्या भागात महामार्गालगत महापालिकेचं मोठं ट्रॉमा रुग्णालय आहे, त्यामुळे शांतता क्षेत्राच्या पाट्या आम्हाला पाठ आहेत. पण नियम पाळायला आवाज करणाऱ्याला तो आवाज आधी ऐकू तरी यायला हवा.

मुंबई पोलिसांचा एक गमतीदार प्रयोग २०२० च्या जानेवारीत समोर आला होता. काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रं जोडली. लाल दिव्याला थांबलेल्यांनी हॉर्न वाजवून आवाज ८५ डेसिबलच्या वर नेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू! जास्त बोंबलाल तर जास्त थांबाल. हा प्रयोग मला आवडला, कारण आवाजाची किंमत तो करणाऱ्याच्याच खात्यात तिथल्या तिथे जमा होत होती. पार्किंगमधल्या अलार्मला असा परतीचा रस्ताच नाही. तो वाजतो एकाचा आणि त्याचं बिल फाटतं दुसऱ्याच्या नावाने.

आमच्याकडे ते कोणाच्या नावाने फाटलं, ते बघा. आधी मुलांच्या. ‘पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई’ अशी नोटीस लागली. मुलं रात्री अडीचला खेळत नाहीत, हे कोणीतरी म्हणालं, पण अगदी हळू. मग वॉचमन: ‘तू झोपतोस, म्हणून कोणीतरी येऊन जातं.’ शेवटी गाड्या धुणारा. पहाटे तो बादली घेऊन येई, आणि तो धुऊन पुढच्या गल्लीत गेला की थोड्या वेळाने ती गाडी वाजे. एवढा पुरावा पुरला. दुसऱ्या दिवसापासून त्याला गेटच्या आत घेऊ नये, असं ठरलं. एकेका गाडीमागे महिन्याचे काही शे रुपये मिळवणारा माणूस. त्याची बाजू ऐकायला कोणाला वेळ नव्हता. खरं तर तशी बाजू असू शकते, हेच कोणाच्या मनात आलं नाही.

पुढे पश्चिमेचा, एस. व्ही. रोडकडचा एक जुना ऑटो इलेक्ट्रिशियन आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘कधी वाजतो?’ आम्ही इतके दिवस ‘कोण होतं?’ हे विचारत होतो. कधी वाजतो याचं उत्तर गाडीमालकाकडे नव्हतंच. ते वॉचमनकडे होतं. झोपल्याचा आरोप असलेल्या त्या माणसाने रजिस्टरच्या मागच्या पानावर वेळा लिहून ठेवल्या होत्या: मोठा पाऊस पडून गेल्यावर, पहाटे गाडी धुतल्यावर. कोरड्या रात्री एकदाही नाही.

त्या पानावरून अर्धं काम झालं. उरलेलं त्याने एकेक गोष्ट बाजूला काढत केलं. बॅटरीला मल्टिमीटर लावला. नीट चार्ज झालेली बॅटरी उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या थोडं वर दाखवते. ती बाराच्या आसपास घसरली तर काही अलार्म त्याचा अर्थ ‘कोणीतरी तार कापतंय’ असा घेतात. मेट्रोने ऑफिसला जाणाऱ्यांच्या गाड्या आठवडाभर जागच्या हलत नाहीत, त्यांच्यात हे फार होतं. इथे बॅटरी ठीक होती. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, पाहिलं. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवण्याचा उपाय मुंबईत किती जण करतात ते सांगून तो हसलाही. आरशाला टांगलेल्या गणपतीकडे त्याने एकदा पाहिलं. ज्या गाड्यांच्या आत हालचाल टिपणारा सेन्सर असतो, तिथे असा झुलता गणपतीही चोर ठरतो. या गाडीत तसला सेन्सर नव्हता. मग धक्क्याचा सेन्सर. तो बाहेरून बसवलेला, आणि दुकानदाराने त्याचा स्क्रू पार टोकाला फिरवून दिलेला. मालक म्हणाले, ‘तो कमी करा, विषय संपेल.’ याने मान हलवली. विषय संपणार नाही, झाकला जाईल. धक्क्याने वाजत असता तर महामार्गावरच्या डंपरने कोरड्या रात्रीही वाजला असता.

शेवटी बॉनेटचा स्विच. बॉनेट उघडं आहे की बंद, एवढंच अलार्मला कळवणारा बोटाएवढा तुकडा, गाडीच्या नाकाशी, पाणी-चिखलाच्या वाटेवर. त्याचं रबर फाटलेलं, आतल्या पिनांवर हिरवी पूड. पाणी शिरलं की गाडीला वाटे, कोणीतरी बॉनेट उघडलं. स्विच बदलला. त्यानंतर धो धो पाऊस झाला, गाडी गप्प.

आता हिशेब मांडायचा तर गाडी धुणाऱ्याचं पाणी आत जात होतं, हे खरंच. पण पावसाचंही जात होतं आणि पावसाला आपण गेटवर अडवलं नाही. फाटलेलं रबर मालकाचं होतं. बिघाड शोधण्यात इलेक्ट्रिशियनने जो संयम दाखवला, एका वेळी एकच गोष्ट तपासायची, सिद्ध होईपर्यंत कशालाच दोष द्यायचा नाही, तेवढा आपण तारेला देतो आणि माणसाला नाकारतो. स्विचची चौकशी झाली, माणसाचा थेट निकाल लागला.

आणि तोही कशासाठी? इतके दिवस अलार्म वाजला, पण गाडी चोरीला जातेय असं समजून एकही जण खाली धावला नव्हता. सगळे फक्त वैतागले. अमेरिकेत १९९७ साली विम्याच्या दाव्यांच्या मोठ्या पाहणीत, अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीचं नुकसान एकंदरीत कमी झाल्याचं दिसलं नव्हतं. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणारा इमोबिलायझर आता बऱ्याच गाड्यांत असतो. तो बिचारा आवाज न करता राखण करतो आणि शेजाऱ्यांच्या झोपेतून पगार घेत नाही. हप्ते फेडून घेतलेल्या गाडीची काळजी मालकाला वाटणारच. पण भोंगा लावून ती काळजी आपण शंभर घरांना वाटून टाकतो, तेव्हा त्यांच्याशी काही देणंघेणं तयार होतं की नाही?

भिंतीपलीकडच्यांपैकी कोणी तक्रार केली नाही, याचाही आमच्या कमिटीने सोयीस्कर अर्थ काढला होता. २०२५ च्या जानेवारीत, कुर्ल्याच्या रहिवाशांच्या लाउडस्पीकरबाबतच्या याचिकेवर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने तक्रारदाराची ओळख उघड करू नका, असं पोलिसांना बजावलं. आवाजाबद्दल बोलणाऱ्याला भीती असते, हे न्यायालयाला दिसतं. आमच्याकडे ज्या घरांतून कामवाल्या मावशी येतात, त्या घरांतून टॉवरवाल्यांविरुद्ध तक्रार कशी येणार?

स्विच बदलल्याचं सोसायटीच्या ग्रुपवर कळवलं गेलं आणि त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. मुलांसाठीची नोटीस मात्र अजून तशीच आहे. गाडी धुणाऱ्याची बंदीही तशीच. ती उठवावी, त्याला बोलावून झाला प्रकार सांगावा, त्याच्या बुडालेल्या पैशांचं काय ते ठरवावं आणि वॉचमनला जे बोललं गेलं ते सर्वांसमोर मागे घ्यावं, असं पत्र मी कमिटीला दिलं आहे. सेक्रेटरींनी ते घेतलं. विषयपत्रिका छापून झाली आहे, म्हणाले, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात बघू.