पनवेलचा भूगोल कोणत्या शाखेत बसतो?

पनवेलचे नाव जगभरच्या भूशास्त्रीय लेखनात पाऊणशे वर्षांपासून येत आहे, आणि त्याचा नवी मुंबई विमानतळाशी काही संबंध नाही. माथेरानच्या कड्यांवर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात. हेच थर पश्चिमेला किनाऱ्याकडे येताना वाकतात आणि समुद्राच्या बाजूला कलतात. ब्लॅनफर्डने १८६७ मध्ये या रचनेची दखल घेतली होती. जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये तिला 'पनवेल फ्लेक्शर' हे नाव दिले. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी १९९८ मध्ये तिचा फेरविचार करून तिचे नाते वक्र प्रस्तरभंगाशी जोडले. थोडक्यात, आपण ज्या जमिनीवर फ्लॅट बुक करतो ती अशी का कलली, यावर दीडशे वर्षे अभ्यास आणि वाद चालू आहे.

हा वाद पनवेलच्या एखाद्या महाविद्यालयात निघायचा झाला तर कोणत्या वर्गात निघेल? भौतिकशास्त्राच्या वर्गात नाही, कारण तो अभ्यासक्रमात नाही. रसायनशास्त्राचा तर प्रश्नच नाही. निघालाच तर भूगोलाच्या वर्गात निघेल. आणि तो वर्ग इमारतीच्या दुसऱ्या अंगाला, कला शाखेत, मराठी आणि इतिहासाच्या शेजारी भरतो. मराठी-इतिहासाचा शेजार वाईट नाही. तो हवाच, हे पुढे येईल. पण त्या वर्गात बसलेल्या मुलाने दहावीनंतर बहुधा गणित सोडलेले असते, आणि ज्याने गणित ठेवले त्याने भूगोलाला रामराम केलेला असतो. थरांचा कल कोनात मोजायचा, त्यावरून प्रस्तरभंग किती खोल असेल याचा अंदाज बांधायचा, म्हणजे दोन्ही एका डोक्यात लागतात.

ही फाटाफूट दहावीच्या दारात होते. राज्य मंडळाच्या दहावीत भूगोल ४० गुणांचा, सामाजिक शास्त्रांत बसवलेला. पाठ्यपुस्तक मात्र चांगले आहे. भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून दोन्ही देश समजावून देते, आणि पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा: नळदुर्गची मुले सरांबरोबर अलिबागला निघतात, वाटेत पठार, घाट, किनारपट्टी बघतात. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो की भूगोल पायांनी शिकायचा असतो. सोळाव्या वर्षी त्याच मुलाला सांगतो, हुशार असशील तर तो सोडून दे. घरात त्यावर चर्चाही होत नाही. 'भूगोल घेऊन काय करणार, मास्तर होणार?' एवढ्यावर विषय संपतो. स्पर्धा परीक्षांमुळे अलीकडे थोडी सवलत मिळाली आहे, पण तिथे भूगोल पाठ करायचा असतो.

भूगोल विज्ञानाची पदवी म्हणून शिकवणे हे काही नवल नाही. कलकत्ता विद्यापीठाच्या परंपरेत भूगोलाची बी.एस्सी. जुनी आहे. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत एकाच विभागातून बी.ए. आणि बी.एस्सी. अशा दोन्ही पदव्या मिळतात. विद्यार्थी कोणते विषय निवडतो त्यावर ते ठरते. पुणे विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत तो बी.एस्सी.ला घेता येतो, आणि तिथल्या भूगोल विभागातून एम.ए.ही होते, एम.एस्सी.ही. मुंबई विद्यापीठाच्या परिघात मात्र, आणि पनवेल त्यात येते, भूगोल म्हणजे मुख्यतः बी.ए.

यावर भूगोलाचेच काही प्राध्यापक म्हणतील की शाखेच्या पाटीने काय होते? प्लेन टेबल, प्रिझमॅटिक कंपास, डम्पी लेव्हल हे सगळे आम्ही बी.ए.लाही शिकवतोच. खरे आहे, शिकवतात. पण आपल्याकडे पाटीला पैसा, प्रयोगशाळा, तुकडीचा आकार आणि सोबतचे विषय चिकटलेले असतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र सोबत मिळते, माती तपासायला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा मिळते. कला शाखेतल्या भूगोलवाल्याला मातीचा सामू हा शब्द माहीत असतो. तो मोजायला कुठे जायचे, हे माहीत नसते. म्हणून पाटी बदलावी असे मला वाटते. फक्त ती कशासाठी बदलायची, याबद्दल माझे मत सध्याच्या उत्साहापेक्षा वेगळे आहे.

सध्याचा उत्साह जीआयएसचा, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचा आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बंधने सैल केली, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले, आणि नकाशाला बाजारभाव आला. भूगोलाला विज्ञान करा म्हणणारे बरेच जण मनात 'भूगोलाला सॉफ्टवेअर करा' असे म्हणत असतात. पोटापाण्यासाठी त्यात गैर काही नाही. पण संगणकावर रंगवलेला नकाशा म्हणजे एक विधान असते, आणि ते जमिनीवर ताडून पाहिल्याशिवाय त्याला विज्ञान म्हणता येत नाही. हे ताडून पाहणे शिकायला पनवेलइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल.

विमानतळच घ्या. ११६० हेक्टर जागा, दहा गावांचे स्थलांतर, उलव्याची टेकडी कापून केलेला भराव, उलवे नदीचा बदललेला प्रवाह. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले, २५ डिसेंबरला विमाने सुरू झाली. ही जागा खाडीच्या तोंडाशी आहे. माथेरानच्या डोंगरातून निघालेली गाढी देहरंग धरणातून पनवेलला येते, काळुंद्रे नदी तिला मिळते, आणि हे सारे पाणी पनवेलच्या खाडीत उतरते. तेही भरती नसेल तेव्हा. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी वर चढते आणि वरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ ला पनवेलने हे अनुभवले. भरावाचे काम सुरू झाल्यावर डुंगी-पारगाव भागात पाणी साचू लागल्याची तक्रार गावकरी करू लागले. पाण्याचा अभ्यास खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने केला, जी १९१६ पासूनची मातब्बर संस्था आहे. तिच्या गणिताला आव्हान द्यावे असे माझे म्हणणे नाही. पण त्या गणितात नदीचा छेद, उतार, भरतीची उंची असे आकडे घातलेले असतात, आणि दर पावसाळ्यात गाळ बसून ते बदलतात. ते पुन्हा कोण मोजणार? डुंगीचा शेतकरी म्हणतो पाणी पूर्वीपेक्षा जास्त चढते, अधिकारी म्हणतो तसे नाही, आणि दोघांच्या मध्ये पट्टी घेऊन उभा राहील असा कोणी तालुक्यात नाही. भूगोलाचा पदवीधर तो असू शकतो. दोरी, पट्टी, लेव्हल आणि भरतीचे वेळापत्रक, सुरुवातीला एवढ्यावर काम होते.

नकाशाचीही एक गंमत आहे. १९ अंश उत्तर अक्षवृत्त पनवेलच्या अगदी उत्तरेने जाते. त्यामुळे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत तालुक्याचा उत्तर भाग ४७ ई/४ या स्थलनिर्देशक नकाशावर येतो, आणि शहर ४७ एफ/१ वर. शहराच्या आसपासची पाणलोट क्षेत्रे बघायची तर दोन नकाशे जोडून बसावे लागते. पहिल्या वर्षाच्या मुलाला यातच अर्धा धडा मिळतो, की पाण्याला चौकट कळत नाही.

आता दुसरी बाजू. विज्ञान म्हणून भूगोल शिकवताना माणसे गळाली तर ते विज्ञानच कच्चे राहते. १९ जुलै २०२३ च्या रात्री पनवेलच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ जणांना बेपत्ता म्हणून शोध थांबवला गेला. तीन दिवसांत ४९९ मिलीमीटर पाऊस पडल्याचे सरकारने विधिमंडळात सांगितले, आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हेही सांगितले. बसाल्टचा कडा, त्याखाली कुजलेल्या खडकाची माती, तीव्र उतार, सलग पाऊस हे भौतिक गणित झाले. पण यादी निव्वळ उतारावरून होत नाही. कोणती वस्ती नोंदीत स्वतंत्र दिसते, कोणती गावाच्या नावाखाली झाकली जाते, रस्ता नसलेल्या ठाकरवाडीपर्यंत सर्वेक्षण करणारा चढून जातो का, आणि वाडीतली माणसे खाली का येत नाहीत, यावर ती ठरते. शेती, जंगल, गुरे सगळे वर आहे. खाली येऊन खायचे काय, हा त्यांचा प्रश्न उताराच्या नकाशात दिसत नाही. दरड जिथे माणूस राहतो तिथे येते तेव्हाच ती आपत्ती होते. म्हणून बी.एस्सी.च्या भूगोलवाल्याला जनगणनेचे तक्ते आणि सातबारा वाचता आला पाहिजे, आणि वाडीत कोणाशी कसे बोलावे हेही कळले पाहिजे. मराठी-इतिहासाचा शेजार हवाच म्हटले, ते यासाठी.

पनवेलमध्ये याचे चांगले उदाहरण आधीपासून आहे, आणि ते भूगोलाच्या कोणत्याही विभागात नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र इथे आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्याने नासलेल्या जमिनीत तग धरणारे भाताचे वाण तिथे तयार झाले. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही त्यांची नावेच आहेत. खारबंदिस्तीची शेती ही इथल्या आगरी-कराडी माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. बांध कुठे घालायचा, उघाडी म्हणजे बांधातली पाण्याची झडप कधी उघडायची, बांधाला खांड गेली तर सगळ्या गावाने रातोरात कसे धावायचे, हे त्यात आले. त्या विद्येची मातीच्या क्षारतेशी आणि बियाण्याशी गाठ पडली तेव्हा ते वाण शेतकऱ्याच्या कामाला आले. पुढे याच जमिनी सिडकोने घेतल्या, १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच माणसे गेली, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आज खारघर-उलवेच्या टॉवरमध्ये राहणाऱ्याला यातले काही माहीत नसते. पण त्याच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये पाणी का येते, याचे उत्तर त्याच बांधात आणि उघाडीत आहे. क्षारता आणि साडेबारा टक्के हे एकाच विद्यार्थ्याच्या वहीत शेजारी शेजारी यावेत, एवढी या पदवीकडून माझी अपेक्षा आहे.

आणखी एक संस्था नव्या पनवेलमध्ये आहे: भारतीय भूचुंबकत्व संस्था. तिचा वारसा कुलाब्याच्या वेधशाळेचा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला हलवले गेले. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी कुलाब्याच्या १८४६ पासूनच्या नोंदी संकलित करून १९१० मध्ये छापल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत झाली होती. त्या वादळाची तीव्रता ठरवताना आजचे शास्त्रज्ञ त्या नोंदीचा आधार घेतात. ज्याने १८५९ मध्ये ते आकडे वहीत उतरवले, त्याला त्यांचा उपयोग माहीत असणे शक्य नव्हते. त्याने ठरलेल्या वेळी ठरलेले काम केले, एवढेच. वैज्ञानिक शिस्त म्हणतात ती बरीचशी या कंटाळवाण्या कामात असते.

आपली पदवीची रचना नेमकी या कंटाळ्याच्या विरोधात आहे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट आली. मुख्य विषय, दुय्यम विषय, क्षेत्र प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव हे सारे त्यात आहे. कागदावर ही चौकट भूगोलासाठीच बेतल्यासारखी वाटते: भूगोल मुख्य, सोबत संख्याशास्त्र किंवा भूशास्त्र दुय्यम, आणि क्षेत्र प्रकल्प गाढीच्या काठावर. अडचण वेळेची आहे. प्रकल्प एका सत्राचा, सत्र नोव्हेंबरात संपते, आणि पुरापूर्वीचा नदीचा छेद मोजायचा तर तो मे महिन्यात मोजायला हवा, तेव्हा महाविद्यालयाला सुट्टी. पावसाळ्यात मोजणी करायला विमा, परवानगी, सुरक्षेचे पत्र. म्हणून मुले प्रश्नावली घेऊन मॉलमध्ये जातात. त्यांना दोष देता येत नाही. पन्नास प्रश्नावल्या एका दुपारी भरून होतात.

यावर मला एकच उपाय सुचतो, आणि तो खर्चिक नाही. पनवेलमधल्या भूगोल विभागांनी गाढी आणि काळुंद्रेवर चार-पाच ठिकाणे कायमची ठरवावीत, पुलाच्या खांबावर रंगाने खूण करावी, आणि दरवर्षीच्या तुकडीने मेमध्ये आणि ऑक्टोबरात त्याच जागी तोच छेद मोजून त्याच वहीत लिहावा. त्या वहीत शेजारच्या वस्तीत पाणी कुठवर आले होते, हे विचारून लिहायचे एक पान असावे. वही विभागात राहावी, विद्यार्थ्याबरोबर घरी जाऊ नये. महापालिका, सिडको, पत्रकार, वकील, ज्याला हवी त्याने ती पाहावी. बाहेरून आलेला परीक्षक अर्थातच विचारेल, मागच्या तुकडीचाच विषय पुन्हा कसा, ही नक्कल नाही का. त्याच्यापुढे मागच्या सगळ्या तुकड्यांचे आकडे एका आलेखावर काढून ठेवावेत, आणि या वर्षीचा बिंदू कुठे पडला आणि तिथेच का पडला, हे विद्यार्थ्याला विचारायला सांगावे.